झेंडूतली अळी

"आक्का, मागं सरा! तीच हाय ती!"

मोनिकानं मोबाईल पुढं धरला. झेंडूच्या पहिल्या ओळीत, एका पानावर, बोटाएवढी हिरवी अळी बसली होती. अंगभर काटे. मिरजगावच्या त्या शिवारात अशी अळी कुणी कधी पाहिली नव्हती. मोबाईलवर मात्र चार दिवस तीच फिरत होती. डसली की माणूस पाच मिनिटांत खलास म्हणे!

फुलं तोडायला आलेल्या सातही बाया रिकाम्या पाट्या घेऊन बांधावर जाऊन उभ्या राहिल्या.

उद्या दसरा. आज दुपारी टेम्पो येणार, आणि अर्धा एकर झेंडू अजून झाडावर. शेत राहीबाईआक्काचं.

"आमच्या घरी लेकरं हायेत," गोजरबाई म्हणाली. "दोन दिसांनी बघू."

"दोन दिसांनी ही फुलं शेळीबी खानार न्हाई. थांब, मारूनच टाकते हिला."

"ही एक माराल आक्का, पन आत अजून किती असतील, कोनाला ठावं?" मोनिका म्हणाली.

राहीबाईनं अळीकडं पाहिलं, मग बायांकडं पाहिलं. पदर खोचला.

"मोनिका, घड्याळ लाव."

आणि तिनं उजव्या हाताचा अंगठा सरळ त्या काट्यांवर दाबला.

"आगं, येडी झाली का तू!" गोजरबाई किंचाळली.

कोपरापर्यंत आग उठली. डोळ्यांतून घळाघळा पाणी यायला लागलं. खोटं कशाला सांगा, राहीबाई चांगलीच घाबरली होती. पण खाली बसली नाही. डाव्या हातानं फुलं तोडायला लागली.

"किती झाली?"

"दोन."

पाटीचा तळ झाकला.

"आता?"

"चार, आक्का." मोनिका रडायच्या बेतात होती.

राहीबाई तोडतच होती.

"सात झाली," शेवटी मोनिका म्हणाली.

"मंग? हाय ना मी?"

आधी गोजरबाईनं पाटी उचलली. मग एकेक जण ओळीला लागली. मोनिका पदर ओला करून आली आणि राहीबाईच्या टम्म सुजलेल्या अंगठ्याला गुंडाळायला लागली.

"लई दुखतंय का?"

"लई."

"आनी तुमी खरंच मेल्या असत्या तर?"

"तर काय, हाराला फुलं घरचीच हुती," राहीबाई म्हणाली. "पन तोडायला तुमालाच यावं लागलं असतं."