उत्तराची जागा

मृणाल आईच्या लोणच्याचा व्हिडिओ करत होती. परवाना नसलेला कुठलाही आवाज चित्रीकरणाचं यंत्र जागच्या जागी पुसायचं, म्हणून व्हिडिओतल्या पुरुषी आवाजासाठी ती लोकांनी दान केलेले फुकट आवाज ऐकत होती.

"अगं, मीठ कुठे ठेवलंस?" स्पीकर म्हणाला.

सुमेधाताईंचा कैरीतला हात थांबला.

"आई, हे बाबाच गं! जाण्याआधी दान केला होता ना आवाज?"

"याच ओट्याशी उभं राहून. पुन्हा लाव."

प्रश्न आला आणि त्यामागून नुसती शांतता.

"इथं मी बोलले होते. माझं उत्तर कुठं गेलं?"

"तुझी संमती नव्हती ना, म्हणून तेवढं पुसलं आवाज जमवणाऱ्यांनी. काय म्हणाली होतीस?"

"वैतागले होते. म्हटलं, डोळ्यांसमोर असलेलं तुम्हाला कधी दिसतं का?"

मृणालने चित्रीकरण सुरू करून तो आवाज लावला.

"अगं, मीठ कुठे ठेवलंस?"

या खेपेला सुमेधाताई वैतागल्या नाहीत. मिठाची बरणी पुढे सरकवत त्या हळूच म्हणाल्या, "हे काय, तुमच्यासमोरच आहे."

पडद्यावर लगेच ओळ उमटली : परवाना नसलेला आवाज पुसला आहे.

"थांब, तुझ्या आवाजाची नोंदणी करू," मृणाल म्हणाली.

"नंतर कर," त्या म्हणाल्या. "आधी त्यांना पुन्हा विचारू दे."