साखरेत घोळलेल्या गोळ्या

शेवटच्या कोकराच्या घशात नळीने गोळी सरकवून सुनेने त्याच्या कपाळावर निळ्या खडूची रेघ ओढली, तेवढ्यात दारातून सासूबाई म्हणाल्या, "अगं, परत कशाला देतेस? मी सकाळीच दिल्या की."

सुनेच्या हातातली नळी गळून पडली.

"कसल्या दिल्या?"

"त्याच, तांब्याच्या. डब्यातल्या. म्हटलं, तुझं काम हलकं करावं."

"सगळ्यांना? आणि खूण नाही केलीत?"

"खूण कशाला? मी एकेकाला तोंडावरून ओळखते." सासूबाई एकदा शिंकल्या की कोंबड्या त्या दिवसाचं अंडं उद्यावर ढकलायच्या, अशी त्यांची ख्याती. पण सुनेचा पांढराफटक चेहरा पाहून त्यांचा आवाज खाली आला. "का गं? जास्तीचं दिलं तर जास्तीचं बळ येईल ना?"

सुनेने डॉक्टरांना फोन लावला. मागच्या खेपेला अंगात तांबं कमी पडून दोन कोकरं मागचे पाय ओढत ओढत मेली होती, म्हणून तर या डबाभर गोळ्या डॉक्टरांनीच दिल्या होत्या. एकाला एकच, असं बजावून.

"दोनदा?" डॉक्टरांचा आवाज चढला. "बाई, मेंढराला तांबं हवं असतं, पण चिमूटभर. जास्त झालं की ते यकृतात साठत राहतं. कित्येक दिवस कोकरू मजेत उड्या मारतं आणि मग एकाएकी पिवळं पडतं. तेव्हा हातात काही उरत नाही. आधी एक सांगा, सकाळच्या गोळ्या नक्की पोटात गेल्या का?"

सुनेने सासूबाईंकडे पाहिलं. "नळीने दिल्यात?"

"ती बंदूक मी नाही घुसवत लेकरांच्या घशात. साखरेत घोळवली, जिभेवर ठेवली. कशी मिटक्या मारत होती!"

"गिळली का पण?"

सासूबाई थेट कोपऱ्यातल्या पाण्याच्या कुंडाकडे गेल्या. गुडघ्याचं दुखणं विसरून वाकल्या आणि कुंडामागचं गवत उपसायला लागल्या. "इथे असणार. साखर चोखायची, गोळी गालात धरायची, नि पाणी प्यायच्या निमित्ताने टाकून द्यायची."

"तुम्हाला काय माहीत?"

"मला नाही माहीत तर कुणाला? माझ्या पलंगामागे बघ कधीतरी. तुझ्या नवऱ्याने आणलेल्या रक्तदाबाच्या सगळ्या तिथेच आहेत."

एरवी सून यावर तासभर बोलली असती. आत्ता ती फक्त गुडघ्यांवर बसली आणि सासूबाईंच्या शेजारी गवत चाळायला लागली. एक सापडली, फुगून चिकट झालेली. मग दुसरी. मग लेंड्यांमध्ये रुतलेल्या आणखी दोन. प्रत्येक गोळीला सासूबाई "शाब्बास रे माझ्या लबाडा" म्हणत होत्या, आणि सून ती पदरात ठेवत होती. फोन जमिनीवर चालूच होता.

दोघींनी सगळा गोठा झाडून काढला. कुंड आडवं केलं. गोळ्या कोकरांशी ताडून पाहिल्या. एक कमी भरली.

"तुडवली गेली असेल," सून म्हणाली.

सासूबाईंची नजर खाली गेली होती. कोपऱ्यातलं सगळ्यात बारकं कोकरू त्यांच्या लुगड्याला तोंड घासत होतं. आई मेल्यावर याला त्यांनीच बाटलीवर वाढवलं होतं, स्वतःच्या खोलीत, पायाशी निजवून.

"आई?"

"हे थुंकत होतं," सासूबाई हळूच म्हणाल्या. "सारखं थुंकत होतं. मग मीच त्याचं तोंड मिटून धरलं. गळा चोळला. गिळेपर्यंत सोडलं नाही. म्हटलं, सगळ्यांत अशक्त हेच. याला तर मिळायलाच हवी."

कोकराच्या कपाळावर निळी रेघ ताजी होती.

फोनमधून डॉक्टर म्हणत होते, "मी निघतोय. तोवर डोळ्याची पापणी उलटून बघा. आतून गुलाबी आहे की पिवळी? एखाद्याच्या अंगात तांबं आधीच साठलेलं असलं तर आत्ताच कळेल."

सासूबाईंनी कोकराला मांडीवर घेतलं, अंगठ्याने पापणी खाली ओढली. त्यांनी पाहिलं, मग सुनेने पाहिलं, मग परत त्यांनी.

"पिवळी दिसते गं."

"बल्बमुळे असेल, आई. तुमचा हातसुद्धा पिवळाच दिसतोय."

दिवस मावळत आला होता. सासूबाई कोकराला उराशी धरून उठल्या आणि उरलासुरला उजेड गाठायला अनवाणीच अंगणात धावल्या. कोकरू त्यांची बोटं चाटत होतं. अजून थोडी साखर होती तिथे.