पहिलीच फाइल

"ताई, लोकांना आपल्या ब्लॉगसाइटवर फाइलीही ठेवायच्यात. देऊन टाकू सोय," असं म्हणत लुनीस आठवडाभर मागे लागला होता. झुलीखा शेवटी हो म्हणाली आणि पस्तावली. बारावीच्या परीक्षेच्या पहाटे पहिलीच फाइल चढली, 'बारावी गणित, उत्तरांसह'. ती उघडणार तोच, पेपर फुटू नये म्हणून दर परीक्षेला करतात तसं, अख्ख्या अल्जीरियाचं इंटरनेट बंद झालं.

"पेपर फुटलेला असला तर तुरुंगात कोण जाणार रे? तू?"

"आधी उघडून तरी बघू, ताई."

दुपारी नेट आलं, पण उघडून बघायचा तिला धीरच झाला नाही. तिने फाइल कायमची पुसून टाकली, सोयही बंद केली. तेव्हा कुठे कॉफीचा घोट घशाखाली उतरला.

तेवढ्यात फोन वाजला. शाळेत दोघांना गणित शिकवलेले मुक्रान मास्तर बोलत होते.

"पोरी, देव तुझं भलं करो! जन्मभर जमवलेली माझी गणितं तुझ्या साइटवर एकदाची जागेला लागली. आता घरात अडगळ कशाला, म्हणून कागदांचा गठ्ठा शेंगदाणेवाल्याला देऊन आलो. त्याने पुड्या बांधायलाही घेतल्या."