चाऱ्याची बादली

सकाळी नऊच्या सुमारास हेस्टर आली. आठ महिन्यांनी.

फ्लोरिसने तिला पाठीवरच्या परावरून ओळखलं. पराच्या मागच्या कडेला दोन खाचा, उंदराने पाव कुरतडावा तशा. सोळा वर्षं तो त्या बघत आला होता. पर्यटकांना पिंजऱ्यात उतरवून पांढऱ्या शार्क दाखवायच्या, हा या बोटीचा धंदा आणि चारा टाकायचं काम त्याचं. तारलीचा लगदा आणि माशाचं तेल पळीपळीने सोडत राहायचं, म्हणजे वास लांबवर जातो आणि वासामागून शार्क येते. पण दोन ओर्का, म्हणजे किलर व्हेल, या बाजूला फिरकू लागल्या आणि शार्क येईनाशा झाल्या. फेब्रुवारीत एक किनाऱ्याला लागली ती मेलेली, पोट फाडून तेवढी कलेजी नेलेली. फ्लोरिस धावत गेला होता पर बघायला. खाचा नव्हत्या. तो तिथेच वाळूत बसून रडला, आणि मग त्याला स्वतःचीच लाज वाटली.

"ऊम, तीच ना?" सुकाणूवरून त्याची पुतणी एल्रीसा म्हणाली. काकाला ती ऊम म्हणायची. बोट तिची. या हंगामात शार्क दिसली नाही तर बोट विकायची, हे तिने ठरवून टाकलं होतं.

"तीच. अंगाने भरलीय बाई."

"तुम्ही मात्र झुरून काटा झालात तिच्यापायी."

फ्लोरिस हसला. एरवी चाऱ्याला हात आखडता घेणाऱ्या माणसाने आज चार पळ्या जास्त ओतल्या. पिंजऱ्यातल्या पाच जणांच्या समोरून हेस्टर सावकाश गेली, वळली, पुन्हा आली.

मग त्याचं लक्ष सीलांच्या बेटाकडे गेलं. सगळे सील खडकावर चढून बसले होते, पाण्यात एकही नव्हता. बेटापलीकडे एक काळा पर वर आला, माणसाच्या उंचीचा. त्याच्या मागे दुसरा.

"एल्रीसा, माणसं वर घे."

तिने तिकडे पाहिलं आणि काही न विचारता पिंजरा रिकामा करायला घेतला.

हेस्टर मात्र हलेना. ओर्काची नुसती चाहूल लागली तरी शार्क ते पाणी सोडून पळते, मग ती केवढीही असो. ओर्का जोडीने येतात, शार्कला उलटी करतात, आणि उलटी झालेली शार्क काहीच करू शकत नाही. पण हेस्टरच्या नाकात तारली भरली होती. त्यानेच भरली होती.

बाकाखाली त्याचा पत्र्याचा डबा होता. त्याचा बाप बोई माशांचं जाळं लावताना जाळ्याला कुजक्या शार्कची पुरचुंडी बांधायचा. आपल्याच मेलेल्याचा वास आला की शार्क त्या पाण्याला पुन्हा तोंड लावत नाही, असं तो सांगायचा. रविवारी जाळं लावताना फ्लोरिसही तेच करायचा. डब्यातलं मांस फेब्रुवारीतल्या शार्कचं होतं. डबा फेका, नाहीतर डब्यासकट तुम्हाला फेकते, असं एल्रीसा रोज ऐकवायची.

आता तिने त्याचा दंड धरला. "ऊम, नको. ती परत यायची नाही."

"ठाऊक आहे मला."

"आठ महिने वाट बघितलीत."

त्याने झाकण काढलं तशी बोटीवरची माणसं नाक दाबून मागे सरली. हेस्टर बोटीला घासून येईपर्यंत तो थांबला. त्या दोन खाचा हाताच्या अंतरावर आल्या. सोळा वर्षांत त्याने तिला कधी हात लावला नव्हता. आजही लावला नाही. मूठभर मांस त्याने तिच्या तोंडापुढे सोडलं, मग उरलेलं सगळं.

ती शेपटीपर्यंत शहारली. वळली आणि खोल समुद्राकडे सुटली. पर दोनदा दिसला, मग दिसेनासा झाला.

थोड्या वेळाने ओर्का आल्या, बोटीला दोन फेऱ्या घालून निघून गेल्या. पर्यटक टाळ्या पिटत होते. असं नशीब लाखात एखाद्याचं, असं एकाने एल्रीसाला तीनदा सांगितलं. तिने मान डोलावली. फ्लोरिस दुसऱ्या बाजूला तोंड करून बसला होता.

परतताना बादलीतला उरलेला चारा थेट बंदराच्या तोंडापर्यंत सांडत यायचं, ही त्याची आठ महिन्यांची सवय. तिला वाट सापडावी म्हणून. आज बादली अर्धी भरलेली होती. त्याने तिच्यावर झाकण घातलं आणि वर दगड ठेवला.

"उद्या येणार ना, ऊम?" धक्क्याला लागताना एल्रीसाने हळूच विचारलं.

"येणार."

"चारा किती भरू?"

"भरू नकोस."

"मग येऊन करणार काय?"

फ्लोरिसने अजून हात धुतला नव्हता. तो हुंगून त्याने समुद्राकडे पाहिलं.

"बसेन बघत," तो म्हणाला. "ती येत नाहीये ना, ते."