पाठमोरी

अंबिका चित्रप्रदर्शनाच्या हॉलचा जिना चढून वर आली तेव्हा देवश्री दारातच उभी होती. आईला पाहताच तिचं हसू विरलं.

अंबिकाने बिनबाह्यांचं ब्लाउज घातलं होतं. भैरवगढच्या छापाचं, नवं शिवलेलं. दोन्ही दंडांवर, खांद्यांवर कोडाचे पांढरे डाग होते आणि फ्रीगंजच्या त्या हॉलमधल्या ट्यूबलाइटखाली ते लख्ख दिसत होते. लग्नानंतर डाग उमटले तेव्हापासून तिने मनगटापर्यंतच्या बाह्या कधी सोडल्या नव्हत्या. उज्जैनच्या मे महिन्यातसुद्धा.

पण गेल्या हिवाळ्यात लेकीने तिला घरी, खिडकीपाशी, उघड्या पाठीने बसवलं होतं. पहिल्या दिवशी अंबिका लाजेने रडली. "आई, मला यातलं काही म्हणजे काही लपवायचं नाहीये," देवश्री कुंचला धुता धुता म्हणाली होती. "सुंदर आहेस तू." हळूहळू रडू थांबलं. चित्र पुरं झालं तेव्हा अंबिका त्याच्यासमोर बराच वेळ उभी राहिली, आणि दुसऱ्याच दिवशी शिंप्याकडे गेली.

"शाल नाही आणलीस?" देवश्रीने हळूच विचारलं.

"शाल? इतक्या गर्मीत?"

"अपूर्वचे आईबाबा येताहेत. त्यांना कुठे माहीत आहे अजून? एकदा आमचं लग्न पक्कं होऊ दे, मग घाल तुला काय घालायचं ते."

जिन्यात पावलं वाजली.

पाहुण्यांच्या सत्कारासाठी टेबलावर तबकात शाली ठेवल्या होत्या. देवश्रीने वरची उचलली, झटकून उलगडली आणि आईच्या अंगावर घातली, दंड नीट झाकतील अशी. लेकीने आधी आईचा सत्कार केला असं वाटून हॉलमध्ये जमलेल्या लोकांनी टाळ्या वाजवल्या. फोटोग्राफर पुढे आला.

"मैडम, एक बार और. इधर देखके."

देवश्रीने कॅमेऱ्याकडे पाहून शालीची टोकं पुन्हा धरली. शाल खांद्यावरून काढली मात्र नाही.

"फार छान संस्कार दिलेत हो मुलीला," अपूर्वची आई वर येत म्हणाली. अंबिकाने हात जोडले.

देवश्री त्यांना घेऊन मधल्या मोठ्या चित्रापाशी गेली. अंबिकाही मागून गेली. चित्रातली बाई पाठमोरी होती, केस वर बांधलेली. कमरेच्या वळ्या, सैल दंड, पाठभर पसरलेले पांढरे डाग. खिडकीतलं ऊन त्या डागांवर पडलं होतं.

"ही कोण गं?" अपूर्वच्या आईने विचारलं.

"भैरवगढची एक बाई आहे," देवश्री म्हणाली. "मॉडेल."

"हिंमत आहे हं बाईची. मुलंबाळं असतील ना हिला? त्यांना काय वाटत असेल?"

देवश्री फ्रेमच्या कडेवरून बोट फिरवत राहिली. तिथे धूळ नव्हती.

"मुलगी आहे एक," अंबिका म्हणाली.

"हो का? ओळखता तुम्ही हिला?"

अंबिकाच्या मानेवरून घामाचा ओघळ शालीत उतरला. तिने तो पुसला नाही.

"ओळख झाली होती," ती म्हणाली. "गेल्या हिवाळ्यात."