जुलैमधलं मीठ

गाडी बघायला आलेला रोमन भर उन्हात तिच्याखाली सरकला आणि तिथूनच ओरडला, "व्हर्लिनकाका, फसवता काय? खाली मीठ लागलंय की!"

"शक्यच नाही," व्हर्लिन म्हणाला.

मिशिगनमध्ये बर्फ वितळवायला रस्त्यावर मीठ टाकतात आणि त्याने पत्रा सडतो. म्हणून एकोणसत्तर सालची ही पॉन्टियॅक त्याने हिवाळ्यात गॅरेजबाहेर कधीच काढली नव्हती. तिचा रंगसुद्धा कारखान्यातलाच होता.

गेल्या जानेवारीत त्याच्या बायकोच्या, मार्लिसच्या छातीत कळ आली तेव्हाही त्याने ती काढली नाही. ट्रक सुरू होत नव्हता. "ही आहे ना," मार्लिस म्हणाली होती. "अँब्युलन्स येईलच," तो म्हणाला होता. अँब्युलन्स आली, तोवर ती गेली होती. मुलीला त्याने सांगितलं, दोन्ही गाड्या बंद पडल्या होत्या.

रोमन बाहेर आला. त्याची बोटं पांढरी झाली होती. "ओलं आहे अजून. काकूंना फिरवून आणलंत वाटतं चोरून?" मार्लिस गेल्याचं त्याला ठाऊक नव्हतं.

व्हर्लिन वाकला. चाकावरच्या पत्र्यातून करडा, बर्फाळ चिखल ठिबकत होता. त्याने बाहीने पुसला, तर आणखी आला. बाही गारठली.

"आता हिला मूळ स्थितीतली कोण म्हणेल?" रोमन कुरकुरला.

व्हर्लिनचं लक्ष नव्हतं. चालकाशेजारच्या सीटच्या खिडकीवर आतून श्वासाची वाफ धरली होती. ती विरली, पुन्हा धरली. दर वेळी ठिपका लहान होत होता.

व्हर्लिन किल्लीसाठी खिसे चाचपू लागला.