बाळगोळी

सगुणाने सासूचं मनगट पकडलं ते सोडलंच नाही. गोदाचं बोट झोळीतल्या बाळाच्या तोंडात होतं.

"काय घातलंस, आये? बोल, काय घातलंस त्याच्या तोंडान?"

"हात सोड," गोदा फिस्कारली.

बाळकुम गावातल्या त्या घरात महिनाभर दोघींची जुंपलेली होती. बाळ रात्री मध्येच कुरकुरायचं. सगुणा नुसता त्याच्या पोटावर हात ठेवायची. दोन सुस्कारे टाकून ते आपसूक झोपायचं. पण गोदाला तेवढा धीर कुठला! जरा हूं की चूं झालं की ती झोळीला असा हिसका द्यायची, की गाढ झोपलेलंही जागं व्हावं. मग रडारड, मग शिव्या. सगुणाचा नवरा राघो नुसता कूस बदलायचा. त्याला पहाटे मिठागरावर जायचं असे. तो कुणाचीच बाजू घेत नसे आणि लोक त्याला समजूतदार म्हणत.

परवा आढ्यात खोचलेली पुडी सापडली. आत बाळगोळ्या, अफूच्या. दारूबंदीबरोबर अफूवरही बंदी आली तरी या कुठून ना कुठून मिळायच्याच. कामाला जाणाऱ्या बायका त्या पोरांना चाटवायच्या. पोरं दिवसभर गप्प पडायची, एखादं कायमचं. सगुणाने पुडी खाडीत फेकली आणि विहिरीवर, चारचौघींत, सासूला नाही नाही ते बोलली. गोदाने कानावर हात ठेवले नाहीत. "माझ्या घरात मी काय पण आणीन," एवढंच म्हणाली. तेव्हापासून दोघींचं बोलणं बंद होतं.

आज राघो कामावर गेल्यापासून बाळ हललं नव्हतं.

"म्हातारे, माझ्या लेकराला काय झालं ना, तर तुला जिती ठेवणार नाय!"

"नको ठेवू. आधी हात सोड."

गोदाने हात हिसकावून घेतला. बोटाच्या टोकाला काळपट, अर्धी विरघळलेली गोळी चिकटली होती.

"घालत नव्हते, काढत होते. तुझ्या नवऱ्यानं जाताना घातली. मी चुलीपासून बघितलं. ती पुडी पण त्याचीच. तू फेकलीस, त्यानं दुसरी आणली."

राघोने? बाळाची मान कलंडली, तसं तिने त्याला उचलून उराशी धरलं आणि घाबऱ्याघुबऱ्या थोपटायला लागली.

गोदाने तिचा हात फटकन उडवला आणि बाळाच्या तळपायाला करकचून चिमटा काढला.

"थोपटतेस काय, भवाने! रडव त्याला. झोपू देऊ नको!"